जगलिंग शिकण्यासाठी चेंडू कसे निवडावेत?

तीन चेंडू दोन हातांनी सतत खेळते ठेवण्याचे कौशल्य शिकायला निघालेला माणूस बहुधा हाताशी असतील त्याच चेंडूंनी सुरुवात करतो. एखादा टेनिसचा, एखादा रबरी, तिसरा कुठून तरी मिळालेला, अशी ती जमवाजमव असते. चेंडू हातावर पडून उसळतात, जमिनीवर पडले की खोलीभर पळतात, आणि थोड्याच दिवसांत शिकणारा ठरवून टाकतो की हे आपल्या हातांना जमण्यातले नाही. माझ्या मते ही मोठी हानी आहे, कारण तीन चेंडूंचा प्राथमिक प्रकार, ज्याला कॅस्केड म्हणतात आणि ज्यात प्रत्येक चेंडू आळीपाळीने एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो सर्वसामान्य माणसाला सरावाने साधतो. अडचण पुष्कळदा हातांची नसून हातातल्या वस्तूंची असते. म्हणूनच चेंडूची निवड ही किरकोळ बाब न मानता तिच्यामागची कारणे नीट समजून घेतलेली बरी.

पहिली समजून घेण्याची गोष्ट अशी की हवेत असताना सगळे चेंडू जवळपास सारखेच वागतात. वर फेकलेला चेंडू किती वेळ हवेत राहील हे त्याच्या वजनावर अवलंबून नसून तो किती उंच गेला यावर ठरते. हातापासून अर्धा मीटर वर गेलेला चेंडू परत हाताशी यायला सुमारे ०.६४ सेकंद घेतो, मग तो ६० ग्रॅमचा असो की २०० ग्रॅमचा. तोच एक मीटर उंच गेला तर सुमारे ०.९ सेकंद मिळतात. म्हणजे उंची दुप्पट केल्याने वेळ दुप्पट होत नाही. वेळ दुप्पट हवा असेल तर उंची चौपट करावी लागते. हवेचा विरोध या वेगाला इतका अल्प असतो की टेबल टेनिसच्या २.७ ग्रॅमच्या चेंडूसारखी अगदी हलकी वस्तू सोडली तर बंद खोलीत त्याचा विचार करण्याचे कारण नाही. त्यामुळे हलका चेंडू घेतला की सावकाश खाली येईल आणि आपल्याला सवड मिळेल, ही समजूत बाजूला ठेवूनच निवडीला बसावे.

मग फरक पडतो कुठे? तो पडतो चेंडू हातात असताना आणि चेंडू जमिनीवर पडल्यावर. यांतला हातातला भाग किती मोठा असतो, हे एका समीकरणावरून दिसते. माहिती सिद्धांताचा पाया घालणारे अमेरिकी गणिती क्लॉड शॅनन यांना जगलिंगची मनापासून आवड होती. त्यांनी दाखवून दिले की, चेंडू हवेत असतो तो वेळ आणि हातात असतो तो वेळ यांची बेरीज करून तिला हातांच्या संख्येने गुणले, तर येणारा आकडा हा हात रिकामा असतो तो वेळ आणि भरलेला असतो तो वेळ यांच्या बेरजेला चेंडूंच्या संख्येने गुणल्यावर येणाऱ्या आकड्याइतकाच असतो. आता दोन हात, तीन चेंडू आणि अर्धा मीटर उंची घेऊ. चेंडू हातात ०.३५ सेकंद राहतो असे धरले, तर प्रत्येक हाताला दर ०.६६ सेकंदांनी एक चेंडू सोडावा लागतो. याचा अर्थ असा की ज्याला आपण हवेतला खेळ समजतो, त्यात प्रत्येक हात अर्ध्याहून अधिक वेळ चेंडू धरून असतो. चेंडू निवडायचा तो या अर्ध्या वेळासाठी.

या अर्ध्या वेळात डोळे हाताकडे नसतात, ही बाब वजनाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. जगलिंग करणारा माणूस चेंडूंच्या वाटेच्या सर्वांत वरच्या टोकाकडे पाहत असतो आणि तिथून मिळालेल्या अंदाजावर हात खाली आपोआप जागेवर जातो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात हॉवर्ड ऑस्टिन यांनी १९७० च्या दशकात जगलिंग करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असा पडदा धरून पाहिला की त्यांना स्वतःचे हात दिसू नयेत, फक्त चेंडूंच्या वाटेचा माथा दिसावा. माथ्याचा सुमारे एक इंचाचा भाग दिसत राहिला तरी सरावलेल्या माणसांचा झेल चुकत नव्हता. म्हणजे चेंडू हातात आला, नीट बसला आणि आता सोडण्याजोगा झाला, ही वार्ता डोळ्यांकडून येत नाही; ती तळहाताच्या त्वचेकडून आणि मनगटाच्या स्नायूंकडून येते. चेंडू इतका हलका असेल की त्याच्या येण्याचा स्पर्श अस्पष्ट राहील, तर बोटे मिटायला उशीर करतात आणि चेंडू निसटतो. शिवाय हलक्या वस्तूला किती जोर द्यावा याचा अंदाज हाताला येत नाही, त्यामुळे एक चेंडू कपाळापर्यंत जातो तर दुसरा छताला भिडतो.

वजन वाढवत नेले तर अडचण दुसऱ्या बाजूने येते. वर सांगितलेल्या गतीने प्रत्येक हात मिनिटाला सुमारे ९० वेळा चेंडू उचलून फेकतो. १२० ग्रॅमच्या ऐवजी २०० ग्रॅमचा चेंडू घेतला, तर प्रत्येक फेकीत दोन तृतीयांश अधिक श्रम पडतात आणि काही मिनिटांतच कोपरापासून मनगटापर्यंतचा हात भरून येतो. थकलेला हात चेंडू कमी उंच फेकू लागतो, कमी उंचीमुळे वेळ कमी मिळतो, आणि घाईत सगळी मांडणी विस्कटते. मनगट, कोपर किंवा खांदा आधीच दुखरा असेल तर जड चेंडूचा त्रास अधिक वाढतो. बहुतेक प्रौढ व्यक्तींना ११० ते १३० ग्रॅम हे वजन शिकण्यासाठी सोयीचे पडते, असे माझे मत आहे. लहान हातांना ९० ते १०० ग्रॅम पुरतात, तर ज्यांचे हात मोठे व मजबूत आहेत त्यांना १४०-१५० ग्रॅमचा चेंडूही आवडू शकतो. त्याहून खाली-वर जाण्यासाठी खास कारण असावे.

आकाराचा निकष कॅस्केडच्या सुरुवातीत दडलेला आहे. तीन चेंडूंनी खेळ सुरू करताना एका हातात दोन चेंडू असावेच लागतात, आणि त्यातला एक सोडताना दुसरा जागचा हलता कामा नये. त्यामुळे चेंडू हातात घेऊन पाहण्याची संधी मिळाली तर ही चाचणी करावी: एक चेंडू करंगळी आणि अनामिका यांनी तळहाताच्या खालच्या भागाशी धरावा, दुसरा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांवर ठेवावा, आणि पुढचा चेंडू हलकेच वर सोडून पाहावा. मागचा चेंडू ढळला, किंवा दोन्ही धरताना बोटे ताणली गेली, तर चेंडू मोठा आहे. उलट, एकच चेंडू झेलताना बोटे त्याच्याभोवती पूर्ण मिटून मूठ होत असेल, तर तो लहान आहे. असा चेंडू झेलायला कमी जागा देतो आणि सोडताना बोटांत अडकतो. बहुतेक प्रौढांच्या हाताला ६२ ते ७० मिलिमीटर व्यासाचा चेंडू बसतो. मुलांसाठी ५५ ते ६० मिलिमीटरच्या आसपास पाहावे.

वजन आणि आकार या दोन गोष्टी एकमेकींपासून मोकळ्या नाहीत, हे मात्र निवडताना बरेचदा लक्षात येत नाही. गोलाचे आकारमान व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. त्यामुळे ६० ऐवजी ६६ मिलिमीटरचा चेंडू घेतला, म्हणजे व्यास जेमतेम दहा टक्क्यांनी वाढवला, की आत तेच भरण असताना वजन सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. ६५ मिलिमीटरच्या गोलात साधारण १४४ घन सेंटिमीटर जागा असते. ती बाजरीसारख्या बारीक धान्याने भरली तर वजन ११० ते ११५ ग्रॅम होते. तीच जागा प्लॅस्टिकच्या दाण्यांनी भरली तर ८० ग्रॅमच्या आसपास, आणि कोरड्या वाळूने भरली तर सव्वादोनशे ग्रॅमपर्यंत वजन जाते. आवरणाचे काही ग्रॅम यात वाढतात, आणि आत थोडी जागा मोकळी ठेवल्याने जवळपास तितकेच वजा होतात. जगलिंगच्या चेंडूत बारीक धान्य भरण्याची पद्धत इतकी रूढ का आहे, ते या आकड्यांवरून कळते: हाताला बसणारा आकार आणि हाताला कळणारे वजन, दोन्ही त्यात एकदम साधतात. केवळ वाळू भरायची तर चेंडू फारच लहान करावा लागेल, आणि बारीक वाळू शिवणीतून गळत राहते ते वेगळेच.

आता जमिनीचा भाग. शिकणाऱ्याच्या हातून चेंडू पडणारच. चांगल्या सरावाचा तो अटळ हिस्सा आहे. प्रश्न पडल्यानंतरचा आहे. टेनिसच्या नियमांनुसार चेंडू २५४ सेंटिमीटरवरून टणक जमिनीवर सोडला तर तो अर्ध्याहून अधिक उंच उसळायला हवा, आणि टेनिसचा चेंडू हा गुण जगलिंगमध्येही सोडत नाही. तळहातावर आदळतानाही तो उसळतो, म्हणून बोटे मिटण्याआधीच हातातून उडून जातो. व्यासाने तो योग्य आहे, सुमारे ६५ ते ६९ मिलिमीटर, पण वजन फक्त ५६ ते ५९ ग्रॅम, म्हणजे हवे त्याच्या निम्मे. हलका आणि उसळणारा, असे दोन्ही दोष त्यात एकत्र आले आहेत. क्रिकेटच्या चेंडूचे वजन १५६ ते १६३ ग्रॅम आणि व्यास सुमारे ७२ मिलिमीटर असतो, त्यामुळे आकड्यांत तो फार दूर नाही. पण तो इतका टणक असतो की दोन चेंडू हवेत भिडून एखादा तोंडावर आला तर इजा होईल. शिकताना तो मुळीच वापरू नये.

दाण्यांनी भरलेला मऊ चेंडू या सगळ्यात वेगळा ठरतो, आणि त्याचे कारण त्याच्या आत घडणाऱ्या क्रियेत आहे. तो हातावर किंवा जमिनीवर पडतो तेव्हा आतले हजारो दाणे एकमेकांवर घसरतात आणि त्या घर्षणात आघाताची ऊर्जा जिरून जाते. परत फेकायला काही उरतच नाही, म्हणून चेंडू उसळत नाही. पडल्या जागी त्याचा तळ किंचित चपटा होतो, म्हणून तो घरंगळतही नाही. तळहातावर आला की तो तळहाताचा आकार घेतो आणि बोटांना मिटायला उसंत मिळते. दोन चेंडू हवेत एकमेकांवर आपटले तरी ते दूर उडत नाहीत, बहुधा तिथल्या तिथे खाली येतात. पळालेला चेंडू शोधायला वाकावे, रांगावे लागले की नुसता वेळ जात नाही, हाताला नुकतीच सापडलेली लयही मोडते. पडलेला चेंडू पायाशीच असेल तर तो उचलून त्याच लयीत पुढे जाता येते. त्यामुळे शिकणाऱ्याने बीनबॅग प्रकारचे म्हणजे दाण्यांचे चेंडूच घ्यावेत, हे मी कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो.

दाणे किती भरले आहेत, हेही हाताने चाचपून पाहावे. गच्च भरलेला चेंडू दगडासारखा लागतो आणि घरंगळतो. अर्धवट भरलेला हातात लोळागोळा होतो, फेकताना त्याचा आकार बदलतो आणि त्यामुळे तो दर वेळी जरा निराळ्या क्षणी बोटांतून सुटतो. अंगठ्याने दाबल्यावर थोडा खळगा पडावा, पण चेंडू टेबलावर ठेवल्यावर त्याचा गोलपणा टिकावा, इतके भरण योग्य. चार पाकळ्यांचा, म्हणजे आवरणाचे चार तुकडे जोडून केलेला चेंडू शिवायला सोपा असतो आणि शिकण्यासाठी पुरेसा चांगला असतो; सहा, आठ, बारा पाकळ्यांचे चेंडू अधिक गोल होतात, पण त्या गोलाईचा उपयोग पुढच्या टप्प्यावर जाणवतो. आवरणाच्या बाबतीत कृत्रिम स्यूडसारखे किंचित खरखरीत कापड मला सर्वांत विश्वासाचे वाटते. गुळगुळीत रेक्झिन पुसायला सोपे असते, परंतु घामेजलेल्या हातात ते कधी घसरते, कधी चिकटते, आणि दोन्ही वेळी सोडण्याचा क्षण बिघडतो.

बाजारात आणखी काही प्रकार दिसतात. ते वाईट नाहीत, मात्र ते निराळ्या कामांसाठी बनवलेले असतात. जाड प्लॅस्टिकचे पोकळ गोल चेंडू स्टेज बॉल म्हणून ओळखले जातात. दुरून पाहणाऱ्या प्रेक्षकांना ते ठळक दिसतात, पण पडले की दूर जातात. सिलिकॉनचे चेंडू जवळपास नऊ दशांश उंचीपर्यंत परत उसळतात आणि जमिनीवर आपटून केल्या जाणाऱ्या जगलिंगसाठी असतात. पारदर्शक ॲक्रिलिकचा चेंडू फेकण्यासाठी नसतोच, तो हातांवरून आणि अंगावरून फिरवण्यासाठी असतो. ७६ मिलिमीटरच्या अशा भरीव चेंडूचे वजन सुमारे २७० ग्रॅम भरते, आणि तो उन्हात उघडा ठेवला तर भिंगाप्रमाणे किरण एकवटून आग लावू शकतो, म्हणून झाकून ठेवावा. रशियन बॉल हा मात्र शिकणाऱ्यांनीही विचारात घेण्याजोगा प्रकार आहे. पातळ प्लॅस्टिकच्या पोकळ कवचात थोडे मीठ किंवा बारीक वाळू भरून तो बनवतात. भरण तळाशी बसत असल्यामुळे तो पडल्यावर फारसा घरंगळत नाही, आणि कवच कडक असल्याने त्याचा आकार कधी बदलत नाही. हे कवच जोरात आपटले तर चिरते, आणि झेल दाण्यांच्या चेंडूइतका मऊ लागत नाही, हे त्याचे उणे.

रंगाचा विचार शोभेसाठी नव्हे, तर दिसण्यासाठी करावा. नजर माथ्यावर असते, त्यामुळे चेंडूमागे बहुधा छत, भिंतीचा वरचा भाग किंवा आकाश असते. पांढऱ्या छताखाली पांढरे किंवा फिकट पिवळे चेंडू हरवतात, आणि संध्याकाळच्या उजेडात काळे व गडद निळे चेंडू उशिरा दिसतात. ठळक लाल, नारिंगी, हिरवा असे रंग बहुतेक ठिकाणी चालतात. सुरुवातीला तिन्ही चेंडू वेगवेगळ्या रंगांचे असतील तर कोणता चेंडू आधी सुटला आणि कोणता चुकला हे समजते, आणि शिकवणाऱ्याला सांगणेही सोपे जाते.

रंग वेगळे असले तरी चालतील, पण बाकी सर्व बाबतींत तिन्ही चेंडू एकसारखे असले पाहिजेत. माझ्या दृष्टीने ही अट योग्य वजनापेक्षाही वरची आहे. हात एका ठरावीक वजनासाठी ठरावीक जोर लावायला शिकत असतो. तोच जोर तिसऱ्या, जड चेंडूला लावला तर तो कमी उंच जातो आणि क्रम मोडतो. कॅस्केडमध्ये प्रत्येक चेंडू आळीपाळीने दोन्ही हातांत येतो, त्यामुळे एका विजोड चेंडूचा त्रास कोणत्याही एका हाताला टाळता येत नाही. तिन्ही चेंडू ९५ ग्रॅमचे असतील तर हात त्याला सरावेल. एक ९५, एक १२० आणि एक १४० ग्रॅमचा असेल तर हाताला सरावायला काही स्थिर मिळतच नाही. दोन-चार ग्रॅमचा फरक मात्र जाणवत नाही, त्याची चिंता करू नये.

विकत घ्यायचे नसतील तर असे चेंडू घरी बनवता येतात, आणि ते नीट बनवले तर शिकण्यासाठी पुरेसे असतात. वजनकाट्यावर प्रत्येकी ११० ग्रॅम कोरडे, बारीक धान्य मोजून घ्यावे, ते पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून गोळा करावा, आणि त्यावर मान कापलेले फुगे एकावर एक असे तीन-चार चढवावेत. प्रत्येक फुग्याचे तोंड आधीच्या फुग्याच्या तोंडाच्या विरुद्ध बाजूला यावे, म्हणजे उघडी जागा झाकली जाते. फुग्याचे रबर काही महिन्यांत सैल पडते व फाटू लागते, तेव्हा वरचा थर बदलावा. कापडाचे शिवणार असाल तर दुहेरी शिवण घालावी, कारण आघाताचा सगळा ताण शिवणीवरच येतो. धान्याच्या चेंडूचा खरा शत्रू ओलावा आहे: भिजलेले धान्य कुबट वास धरते, त्याला कीड लागते, आणि चेंडू धुता येत नाही तो नाहीच. ओल्या गवतावर किंवा दमट हवेत सराव करणाऱ्यांनी प्लॅस्टिकच्या दाण्यांचे, किंचित मोठ्या आकाराचे चेंडू घ्यावेत. उघड्यावर वारा असेल तर हलक्या चेंडूंचा मार्ग लगेच ढळतो, म्हणून तिथे वजनाच्या वरच्या मर्यादेकडे झुकावे.

किती चेंडू घ्यावेत, याबाबत माझा सल्ला असा की पुढे चार-पाच चेंडूंकडे जाण्याची थोडी जरी इच्छा असेल, तर सुरुवातीलाच एकाच वेळी बनवलेले पाच चेंडू घ्यावेत. नंतर घेतलेल्या जोडीचे भरण आणि आवरण तंतोतंत तसेच असेल असे नाही. पाच चेंडूंना सुरुवातीला एका हातात तीन धरावे लागतात, तेव्हा ६८-७० मिलिमीटरचे चेंडू बऱ्याच जणांना मोठे पडतात. मनात पाचांचे असेल तर ६२ ते ६५ मिलिमीटरकडे वळावे. मात्र सरावाला तीनच बाहेर काढावेत आणि उरलेले दोन बाजूला न ठेवता आलटून पालटून वापरावेत, कारण वापराने कापड ताणले जाते, दाणे दबतात, आणि वापरलेला चेंडू कपाटात पडून राहिलेल्या चेंडूपेक्षा मऊ होतो. सगळे चेंडू सैल वाटू लागले की शिवणीचे काही टाके उसवून प्रत्येकात थोडी भर घालावी, आणि ती भर अंदाजाने न घालता सगळे चेंडू एकाच बैठकीत काट्यावर ठेवून घालावी.